स्वस्त पॉलिशर म्हणजे भंगार पॉलिशर का? घेण्याआधी आणि घेतल्यावर काय काय बघायचं

गाडीसाठी पॉलिशर घ्यायचा म्हणून शोधायला बसलं की थोड्याच वेळात डोकं गरगरायला लागतं. दोन मशीनं, फोटोत जुळी भावंडं वाटतील अशी, वॅट तेवढेच, आरपीएम (मिनिटाला फेरे) तेवढेच, आणि किमतीत मात्र पाच-सहा पटींचा फरक. मग स्वस्तवालं घेतलं तर गाडीच्या रंगाची वाट लागणार का, की महागवाले नुसते नावाचे पैसे लावतायत, हा प्रश्न पडतोच.

माझं उत्तर आधीच देऊन टाकतो. गाडीवर जी चमक येते ती पॅड (मशीनला लावायची फोमची गादी), कंपाऊंड (रंग घासायची पेस्ट) आणि चालवणाऱ्याच्या हातातून येते, मशीनच्या किमतीचा त्यात वाटा फार थोडा. जास्त पैसे मोजून मिळतं काय, तर मशीन किती तास टिकणार, हाताला किती झिणझिण्या आणणार आणि दाब दिल्यावर स्पीड धरून ठेवणार का. आणि स्वस्त मशीन खराब असतं तेव्हाही ते सगळीकडून खराब नसतं, बनवणाऱ्याने ठराविक चार-पाच जागी हात आखडलेला असतो. त्या जागा माहीत असल्या की कमी पैशातही बरं मशीन निवडता येतं, आणि कुठलं मशीन फुकट दिलं तरी घ्यायचं नाही हेही कळतं.

आधी प्रकार ठरवा, किंमत त्यानंतर

बहुतेक लोक इथेच उलटं करतात, आधी बजेट ठरवतात आणि मग त्या बजेटात जे दिसेल ते घेतात. पण पॉलिशर हे एक मशीन नाहीये, तीन वेगवेगळी मशीनं आहेत आणि स्वस्तपणाचा परिणाम तिघांवर वेगळा होतो.

पहिलं रोटरी. यात पॅड एकाच जागी गरगर फिरतं, साधारण ६०० ते ३००० आरपीएम. आतली रचना एकदम साधी, मोटर, गिअरची एक जोडी आणि स्पिंडल (पॅड फिरवणारा दांडा), संपलं. बिघडायला फारसं काही नसल्यामुळे स्वस्तातली रोटरी सुद्धा बऱ्याचदा वर्षानुवर्षं चालते. गंमत अशी की टिकाऊपणाच्या हिशोबाने स्वस्तात सगळ्यात चांगलं मिळतं ते हेच, आणि नवख्याच्या हातात सगळ्यात धोकादायकही हेच. एका जागी जरा जास्त वेळ थांबलं की रंग तापतो, कडेला तर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, उडून खालचा रंग दिसायला लागतो, आणि काही जळलं नाही तरी उन्हात बघितलं की होलोग्राम, म्हणजे गाडी हलेल तशा हलणाऱ्या त्या सावलीसारख्या रेषा, राहतातच. आठवण म्हणून सांगतो, कंपनीच्या गाडीवर सगळे थर मिळून रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, त्यात वरचा क्लिअर कोट ३५ ते ५० च्या आसपास, आणि माणसाचा एक केस ७० च्या आसपास. तुम्ही जे काही घासणार आहात ते अर्ध्या केसाएवढ्या थरातून घासणार आहात.

दुसरं ड्युअल अॅक्शन, सगळे डीए म्हणतात. यात पॅड छोट्या वर्तुळात झोका घेत घेत स्वतःभोवती फिरतं, आणि ते स्वतःभोवती फिरणं जबरदस्तीचं नसतं, जास्त दाबलं की थांबतं. त्यामुळे उष्णता कमी, रंग जळण्याची भीती बरीच कमी, होलोग्राम जवळपास नाहीतच. घरी स्वतःची गाडी करणाऱ्याने हाच प्रकार घ्यावा, यावर माझं मत पक्कं आहे. फक्त याची आतली रचना रोटरीपेक्षा अवघड, मधोमध नसलेलं स्पिंडल, त्याचं वजन सावरणारं काउंटरवेट, वेगळं बेअरिंग, आणि हे सगळं तोलात बसलं नाही तर मशीन हातात थरथरतं. म्हणजे स्वस्तपणा इथे जाणवतो.

तिसरं फोर्स्ड रोटेशन, गिअरवालं डीए. झोकाही घेतं आणि फिरणंही थांबत नाही, कितीही दाबा. फ्लेक्स कंपनीचं ८ मिमी थ्रोचं (थ्रो म्हणजे झोक्याचा व्यास, पुढे सांगतो) ३४०१ हे यातलं जुनं आणि प्रसिद्ध मशीन. या प्रकारात स्वस्त शोधूच नका. गिअर, झोका आणि सतत ताण तिन्ही एकत्र आले की हलका माल फार काळ तग धरत नाही.

आणि पॉलिशर म्हणून विकल्या जाणाऱ्या पण पॉलिशर नसलेल्या वस्तू वेगळ्याच. दोन्ही हातांनी धरायचं, मोठ्ठं गोल तोंड, वर कापडी टोपी चढवायची असं जे १० इंची मशीन येतं ते वॅक्स पसरायला ठीक आहे, त्याने स्वर्ल मार्क, म्हणजे रंगावरचे बारीक गोल ओरखडे, निघत नाहीत, कितीही वेळ फिरवा, कारण त्यात तेवढा दमच नसतो. लोक ते घेतात, काही निघत नाही, आणि मग म्हणतात स्वस्त पॉलिशर बोगस असतात. अहो ते त्या कामाचं नव्हतंच. ड्रिलला लावायची पॅडं येतात, हेडलाइटची पिवळी काच घासायला चालून जातात, पण ड्रिलचं बेअरिंग समोरून येणाऱ्या दाबासाठी असतं, बाजूने येणाऱ्या ताणासाठी नाही, त्यामुळे अख्खी गाडी ड्रिलने करायला जाऊ नका.

अँगल ग्राइंडरला पॅड लावणं मात्र कृपा करून नकोच. लहान ग्राइंडर ११००० आरपीएमच्या आसपास फिरतो. १२५ मिमीच्या पॅडची कड त्यावर सेकंदाला ७० मीटरपेक्षा जास्त वेगाने धावते, तेच पॅड रोटरीवर १५०० आरपीएमला सेकंदाला १० मीटरच्या आत असतं. रंग तर जाईलच, पॅड सुटून तोंडावर आलं तर अजून काय काय जाईल.

तुमचे तास मोजा

मशीन घ्यायच्या आधी एक कागद घ्या आणि वर्षाला ते किती तास चालणार हे खरं खरं लिहा. मध्यम आकाराच्या एका गाडीचं एका टप्प्यातलं पॉलिश शिस्तीत केलं तर मशीन प्रत्यक्ष चालू असण्याचे पाच-सहा तास धरा, कंपाऊंड आणि मग फिनिशिंग असं दोन टप्प्यांत केलं तर त्याच्या दुप्पट. आता घरची एक गाडी, वर्षातून एकदा, फार तर दोनदा. म्हणजे वर्षाला दहा-वीस तास. एवढ्या वापराला वर्कशॉपमध्ये रोज सकाळ-संध्याकाळ राबणारं मशीन घेतलं तर तुम्ही ज्या टिकाऊपणाचे पैसे दिलेत तो कधी वापरणारच नाही आहात. उलट आठवड्याला दोन-तीन लोकांच्या गाड्या करून पैसे कमवायचा विचार असेल तर स्वस्त मशीनची आशा सोडा, कारण मशीन अर्ध्या बॉनेटवर बंद पडलं की गिऱ्हाईकाला काय सांगणार. मधल्या लोकांनी, म्हणजे घरच्या दोन-तीन गाड्या, मित्राची एखादी, त्यांनी मधल्या किमतीचं घ्यावं. खरंतर सगळ्यात जास्त गुणवत्ता-वाढ ही अगदी तळातून मधल्या पायरीवर जाताना मिळते, मधल्यातून सगळ्यात वरच्या पायरीवर जाताना फरक असतो पण पैशाच्या मानाने कमी.

खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे

वॅट. सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला आणि सगळ्यात कमी कामाचा आकडा. तो मशीन किती वीज खातं ते सांगतो, पॅडपर्यंत किती ताकद पोचते ते नाही. आणि काही ठिकाणी तर क्षणभर खेचली जाणारी कमाल वीज छापून मोकळे होतात. डीएसाठी ५०० ते १००० वॅटच्या मधलं काहीही चालतं, ९०० वालं ७०० वाल्यापेक्षा चांगलंच असं अजिबात नाही.

स्पीड. रोटरीत आरपीएम, डीएमध्ये मिनिटाला किती झोके ते, याला ओपीएम म्हणतात. दोन्हींची तुलना करू नका. रोटरी घेत असाल तर वरचा आकडा सोडा, खालचा बघा. ६०० किंवा ७०० पासून सुरू होते का? स्वस्त रोटऱ्यांची खरी गोम इथे असते, त्यातल्या बऱ्याच १००० किंवा १५०० पासूनच सुरू होतात, आणि मग पॅड टेकवताक्षणी कंपाऊंड काचेवर, भिंतीवर, शर्टावर. शिवाय शेवटची फिनिशिंग कमी स्पीडलाच होते. खालचा स्पीड नसलेली रोटरी कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

थ्रो. डीए घेताना हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आणि स्वस्त मशीनच्या जाहिरातीत बऱ्याचदा हाच गायब. थ्रो म्हणजे पॅडचा मध्य ज्या छोट्या वर्तुळात झोका घेतो त्याचा व्यास. ८ मिमी असेल तर एका झोक्यात पॅड साधारण २५ मिमी सरकतं, १५ मिमीला ४७, आणि २१ मिमीला ६६. म्हणून मोठ्या थ्रोचं मशीन तेवढ्याच स्पीडला काम लवकर उरकतं, रुपेस कंपनीने १५ आणि २१ मिमीची मशीनं आणल्यावर लोक त्याच्या मागे लागले ते उगाच नाही. पण जेवढा झोका मोठा तेवढं तोल सांभाळणं अवघड, आणि तोल सांभाळायला अचूक काउंटरवेट आणि चांगलं बेअरिंग लागतं, म्हणजे पैसे लागतात. तेव्हा माझा सल्ला उलटा वाटेल पण ऐका: बजेट कमी असेल तर छोटा थ्रो घ्या. ८ किंवा १२ मिमीचं स्वस्त मशीन हे २१ मिमीच्या स्वस्त मशीनपेक्षा बऱ्याचदा सुखाचं असतं. काम थोडं हळू होईल, हात शाबूत राहील. शिवाय लहान थ्रो दाराच्या वळणांवर आणि बंपरवर कमी अडकतो, मोठ्या थ्रोचं पॅड तिथे फिरायचं थांबून नुसतं थरथरत बसतं.

थरथर, म्हणजे व्हायब्रेशन. हा आकडा खोक्यावर नसतो, मॅन्युअलच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरात असतो, मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात, आणि कोणीही वाचत नाही. युरोपियन युनियनच्या २००२ च्या कामगार-सुरक्षा नियमात हाताला बसणाऱ्या थरथरीसाठी ८ तासांच्या दिवसाला २.५ हा आकडा आहे जिथून मालकाने काळजी घ्यायला सुरुवात करायची, आणि ५ ही कमाल मर्यादा. हिशोब असा की थरथर दुप्पट झाली की वेळ चौपट कमी होतो. म्हणजे मशीन ५ चं असेल तर तो २.५ चा टप्पा २ तासांत गाठला, आणि १० चं असेल तर अर्ध्या तासात. घरी वर्षातून एकदा करणाऱ्याला कायद्याची भीती नाही, पण दोन मशीनमधून एक निवडताना हा आकडा बाकी सगळ्या जाहिरातीपेक्षा खरं बोलतो. आणि मॅन्युअलमध्ये तो दिलेलाच नसेल तर तेही काहीतरी सांगतंच.

वजनाचं थोडक्यात. जड म्हणजे मजबूत हा समज सोडा. अडीच किलोचं मशीन बॉनेटवर स्वतःच्या वजनाने काम करतं पण दाराला उभं धरलं की पंधरा मिनिटांत खांदा बोलायला लागतो. बाहेरची प्लास्टिक बॉडी हाही हलक्या दर्जाचा पुरावा नाही, महागातल्या मशीनचीही बॉडी प्लास्टिकचीच असते. गिअर असलेल्या मशीनचं डोकं मात्र धातूचं हवं.

पैसे नेमके कुठे वाचवलेले असतात

बेअरिंग पहिलं. बाहेरून दिसत नाही म्हणून इथेच हात आखडता घेतला जातो. हलकं बेअरिंग नवीन असताना ठीक चालतं, मग काही गाड्यांनंतर आवाज खरखरीत होतो, डोकं तापायला लागतं. चांगली बातमी अशी की बेअरिंग प्रमाणित मापात येतात, अंगावर नंबर असतो, आणि जाणकार मेकॅनिक त्याच नंबरचं चांगलं बेअरिंग बसवून देतो. मशीन उघडता येण्यासारखं असलं पाहिजे एवढंच.

मग बॅकिंग प्लेट, म्हणजे ज्यावर वेल्क्रोने पॅड चिकटतं ती चकती. स्वस्त मशीनसोबत आलेली प्लेट बऱ्याचदा दगडासारखी कडक असते, त्यामुळे वळणावर पॅड नीट बसत नाही आणि कडेला दाब वाढतो, किंवा मग तिचं वेल्क्रो उष्णतेने मऊ पडून पॅड सरकायला लागतं. प्लेट ही झिजणारी, बदलायची वस्तू आहे हे लक्षात घ्या. म्हणून मशीन घ्यायच्या आधी, हो आधीच, त्या मशीनची सुटी प्लेट मिळते का हे शोधा. रोटरीला फार अडचण येत नाही, एम१४ (१४ मिमी) आटे जवळपास सगळीकडे चालतात, काही देशांत ५/८ इंची. पण डीएमध्ये काउंटरवेट विशिष्ट वजनाच्या प्लेटसाठी जुळवलेलं असतं, दुसरी कुठलीतरी जड प्लेट आट्यात बसली तरी तोल जातो आणि चांगलं मशीन सुद्धा थरथरायला लागतं. ज्या डीएची प्लेट सुटी मिळत नाही ते प्लेट टिकेल तेवढंच आयुष्य असलेलं मशीन आहे, मग ते किती का स्वस्त असेना. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बन ब्रशचंही तसंच, बाहेरून स्क्रूने टोपण काढून ब्रश बदलता येतात का ते बघा.

स्पीड धरून ठेवणं हे तिसरं. चांगल्या मशीनमध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट मोटरच्या फिरण्यावर लक्ष ठेवतं आणि दाब वाढला की वीज वाढवून स्पीड तोच ठेवतं. स्वस्तात नुसता डायल असतो, पंख्याच्या रेग्युलेटरसारखा, दाबलं की मशीन दमतं, उचललं की उधळतं. यावर उपाय आहे तो पुढे सांगतो, पण बजेट थोडं वाढवून एकच गोष्ट मिळत असेल तर ही घ्या.

बाकी स्विच आणि वायर. वायर आखूड आणि कडक असणं हे स्वस्त मशीनचं ठरलेलं लक्षण, ते एक्स्टेंशनने निभावतं, मात्र एक्स्टेंशन जाड तारेचं घ्या आणि गुंडाळी पूर्ण उलगडून वापरा. स्विच हाताने दाबून लॉक करायचा असेल तर लॉक पटकन सुटतं का ते बघा. सॉफ्ट स्टार्ट, म्हणजे चालू केल्यावर हळूहळू स्पीड घेणं, असेल तर छान, नसेल तर अडत नाही.

तेच मशीन, वेगळं स्टिकर

हे उघड गुपित आहे. कितीतरी ब्रँड स्वतः मशीन बनवतच नाहीत, एकाच कारखान्यातून वेगवेगळ्या रंगात बनवून घेतात. ओळखायचं कसं, तर रंग आणि नाव विसरून बॉडीवरच्या स्क्रूच्या जागा, डायलची जागा, हवेच्या जाळीचा आकार, हँडलचा बाक जुळवून बघा. मॅन्युअलमधली सुट्या भागांची आकृती दोन्हीकडे मिळाली तर शंका उरतच नाही. तिथे महागवालं घेण्यात अर्थ नाही असं लगेच वाटेल, पण जरा थांबा. साचा एक असला तरी आत बेअरिंग कुठलं टाकायचं, ब्रश कुठले, तपासणी किती कडक, हे मागणी देणारा ठरवतो, त्यामुळे बाहेरून सारखं म्हणजे आतून सारखंच असं खात्रीने म्हणता येत नाही. मी अशा वेळी बघतो वॉरंटी कोण किती देतंय, आणि सुटे भाग कोणाकडे मिळतायत. दोन्ही उत्तरं सारखी आली तर डोळे झाकून स्वस्तवालं.

रिव्ह्यू वाचताना एक युक्ती. "आजच आलं, मस्त आहे, पॅकिंग छान" हे सगळं सोडून द्या. सहा महिन्यांनी, वर्षाने लिहिलेले शोधा, आणि त्यात तक्रार कशाची आहे ते बघा. एकच तक्रार परत परत, समजा गिअरबॉक्समधून ग्रीस गळतंय, असं दिसलं तर तो बनावटीतला दोष. दहा जणांच्या दहा वेगळ्या तक्रारी असतील तर तपासणी ढिली, म्हणजे तुमच्या नशिबावर, मग परत करायची सोय असेल तिथूनच घ्या.

मशीन घरी आलं की लगेच हे करा

परतीची मुदत चालू असताना करायचं, गाडीवर न्यायच्या आधी.

वीज न जोडता प्लेट हाताने फिरवा. मोकळी फिरली पाहिजे, खरखर किंवा मध्येच अडकणं नको. मग प्लेट धरून वर-खाली हलवा, किंचित हालचाल असू शकते पण टकटक असा आवाज येत असेल तर बेअरिंग ढिलं आहे. रोटरी असेल तर प्लेटच्या कडेजवळ पेन्सिल स्थिर धरा आणि हातानेच प्लेट गोल फिरवा, पेन्सिल आणि कडेमधलं अंतर सगळीकडे सारखं राहिलं पाहिजे, मध्येच घासलं आणि मध्येच फट पडली तर प्लेट किंवा स्पिंडल वाकडं.

आता सगळ्यात कमी स्पीडला चालू करा, पॅड न लावता, आणि हळूहळू डायल वाढवा. प्रत्येक आकड्याला आवाज खरंच बदलतोय का? काही स्वस्त मशीनमध्ये १ ते ३ एकच स्पीड आणि ४ ला एकदम उसळी असं असतं. हवेच्या जाळीतून ब्रशजवळ बारीक निळ्या ठिणग्या दिसतील, त्या चालतात, नवीन ब्रश बसेपर्यंत थोडा जळका वासही येतो. पण ठिणग्यांचं अख्खं गोल कडं पेटल्यासारखं दिसत असेल तर बंद करून परत पाठवा.

मग दाबाची परीक्षा. एखादा जुना पत्रा, निकामी दरवाजा, काहीही सपाट घ्या. डीए असेल तर प्लेटच्या कडेवर मार्करने एक ठळक रेघ मारा. ही रेघ फार उपयोगी, कायम ठेवा, पॅड फिरतंय की नुसतं थरथरतंय हे चालू असताना रेघेवरूनच कळतं. पॅड लावा, थोडं कंपाऊंड, पत्र्यावर टेकवा आणि टेकवल्यावरच चालू करा, हवेत पॅडसकट जोरात फिरवलं तर पॅड सुटून उडू शकतं. मधल्या स्पीडला चार-पाच किलोचा दाब द्या. किती दाब हे कळत नसेल तर घरातल्या वजनकाट्यावर बंद मशीन टेकवून दाबून बघा, हाताला अंदाज येतो. रेघ हळू पण फिरत राहिली तर मशीन पास. एवढ्याशा दाबाला थांबली तर हे मशीन वॅक्स लावायलाच बरं.

वीस मिनिटं असंच चालवून डोक्याला आणि बॉडीला हात लावा. कोमट ते गरम ठीक. हात ठेवून राहता येत नाही इतकं तापलं तर नको. आणि तुमचा हातही बघा, बोटं बधिर झाली असतील तर ते मशीन कागदावर कितीही चांगलं असलं तरी तुमच्यासाठी नाही.

पैसे वाचले ते कुठे घालायचे

स्वस्त मशीन घेण्याचा खरा फायदा हा की उरलेले पैसे पॅडांवर जातात, आणि तिथे गेलेले पैसे गाडीवर दिसतात. मशीनसोबत फुकट आलेली दहा-वीस स्पंजची पॅडं, त्यांच्यासाठी मशीन घेऊ नका. त्यांचा फोम आणि मागचं वेल्क्रो यांचा जोड उष्णतेत सुटतो, आणि फोमचा पोत इतका कमी-जास्त असतो की काय होतंय कळतच नाही. ती टायर ड्रेसिंग लावायला ठेवा. चांगल्या कंपनीची मधल्या कडकपणाची पाच-सहा पॉलिशिंग पॅडं आणि मऊ दोन-तीन फिनिशिंग पॅडं एवढी घ्या. एकाच पॅडवर अख्खी गाडी करू नये, पॅड कंपाऊंड आणि निघालेल्या रंगाने भरतं, तापतं आणि कापायचं थांबतं, मग लोक दाब वाढवतात आणि बिचाऱ्या स्वस्त मशीनचा जीव जातो. पॅड मापाला प्लेटपेक्षा थोडं मोठं हवं, म्हणजे प्लेटची कड रंगाला लागणार नाही.

कंपाऊंड एकच घ्यायचं तर मध्यम काप देऊन बऱ्यापैकी फिनिशही देणारं घ्या. पुसायला चांगली मायक्रोफायबर फडकी भरपूर, नाहीतर एवढं करून पुसतानाच नवे ओरखडे पडायचे. पैसे अजून उरले आणि गाडी जुनी असेल तर रंगाची जाडी मोजायचं मीटर खरंच उपयोगी पडतं, फक्त साधं मीटर लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या पत्र्यावरच चालतं, प्लास्टिकच्या बंपरवर नाही.

स्वस्त मशीनने चांगलं काम कसं काढायचं

गाडी धुवून, क्ले (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारा मऊ गोळा) फिरवून, सावलीत आणि पत्रा थंड असताना. रबरच्या पट्ट्या, काळं प्लास्टिक, तीक्ष्ण कडा यांना मास्किंग टेप. मग बॉनेटवर टेस्ट स्पॉट, साधारण दीड फूट बाय दीड फूट, त्याहून मोठा भाग नको. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, आधी कमी स्पीडला पसरवायचं, मग डायल ४ ते ५ वर.

स्पीड न धरणाऱ्या मशीनवर दाबाने काम काढायचं नसतं, वेळेने काढायचं. हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर एवढा हळू सरकवा, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्या पट्ट्यावर, एकदा आडवं एकदा उभं, अशा चार ते सहा फेऱ्या. मशीन दमल्यासारखा आवाज आला की दाब सोडा, डायल वाढवू नका. पॅड सपाट ठेवा, तिरकं झालं की डीए लगेच अडकतं, मार्करची रेघ बघत राहा. वळणावर दाब जवळपास शून्य करा आणि जमलं तर छोटी प्लेट वापरा. प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशने झाडा आणि दोन-तीन भागांनंतर पॅड बदला. मशीनलाही अर्ध्या तासाने पाच-दहा मिनिटं विश्रांती द्या, त्याला आणि तुमच्या मनगटाला दोघांनाही हवी असते.

टेस्ट स्पॉट झाला की आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात १०-१५ टक्के मिसळून त्याने पुसा, कारण कंपाऊंडमधलं तेल ओरखडे तात्पुरते लपवतं. मग टॉर्च मारून बघा. ओरखडे बरेच गेले असतील तर हेच पॅड, हेच कंपाऊंड सगळ्या गाडीला. नसतील गेले तर आधी फेऱ्या वाढवा, मग कडक पॅड, मग जोरकस कंपाऊंड, आणि तरीही नाही तर तो ओरखडा बहुतेक खोल आहे. नख अडकतंय का बघा, अडकत असेल तर महागातल्या मशीननेही तो जाणार नाही, क्लिअर कोट मात्र जाईल.

बॅटरीवालं आणि वापरलेलं

बॅटरीवर चालणारं स्वस्त मशीन बघताना नुसत्या मशीनची किंमत बघू नका, बऱ्याचदा बॅटरी आणि चार्जर वेगळे असतात, आणि अख्खी गाडी करायला एक बॅटरी पुरत नाही. घरात त्याच कंपनीची ड्रिल वगैरे असेल आणि बॅटऱ्या पडून असतील तरच हिशोब जमतो. नाहीतर पहिलं मशीन वायरवालंच घ्या.

वापरलेलं चांगल्या कंपनीचं मशीन हा मात्र लोक विसरतात असा पर्याय आहे. अगदी स्वस्त नव्यापेक्षा, ज्याची प्लेट आणि ब्रश सहज मिळतात असं जुनं मला केव्हाही चालेल. वर सांगितलेल्या सगळ्या परीक्षा तिथेच करा, टोपण काढून ब्रशची लांबी बघा, आणि मशीन एकदा गरम होईपर्यंत चालवून बघा, कारण थंड असताना सगळीच बेअरिंग गोड बोलतात.

काम झाल्यावर

प्लेटवर पॅड चिकटवून मशीन ठेवून देऊ नका, वेल्क्रो दबतं आणि पॅडचा आकार बिघडतो. पॅडं कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवून सावलीत, फोमची बाजू खाली करून वाळवा, म्हणजे पाणी वेल्क्रोच्या जोडाकडे उतरत नाही. जाळीत अडकलेली कंपाऊंडची पावडर हवा मारून काढा, मोटर तापण्याचं ते मोठं कारण असतं. ब्रश अधूनमधून काढून बघा, ५-६ मिमीपर्यंत झिजले असतील किंवा ब्रशवर झिजेची खूण असेल तिथपर्यंत आले असतील तर बदला, आणि एकच झिजलेला दिसला तरी दोन्ही एकदमच बदला.